अण्णांच्या नावावरची कॉफी

कॉफी मी सांडली. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मुद्द्यावर येणारच नाही. ही माझी खोड घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

शनिवारची दुपार होती. बायको तिच्या बहिणीकडे गेलेली, मुलगी कॉलेजात. अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी, आतल्या खोलीत झोपलेले. मी हॉलमध्ये कॉफी पीत होतो. फोन वाजला म्हणून पेला हाताशी जे होतं त्यावर ठेवला. हाताशी मुलीचा गेम कन्सोल होता, टीव्हीखाली आडवा पडलेला, पेला ठेवायलाच केल्यासारखा सपाट. बोलता बोलता कोपर लागलं. पाऊण पेला कॉफी त्याच्या पाठीवरून बाजूच्या जाळीकडे गेली. मी खिशातल्या रुमालाने पुसलं, पेला विसळून पालथा घातला आणि रुमाल भिजत टाकला. एवढी सफाई मी घरात कधी करत नाही.

संध्याकाळी मुलगी ओरडली, "अप्पा, हे चालूच होईना! दिवा लागतोय आणि विझतोय." मग तिने कडेवरून बोट फिरवलं. "आणि इथं चिकट काय आहे?"

बायको तेवढ्यात आली होती. तिने बोट हुंगलं. "कॉफी," म्हणाली, आणि आतल्या खोलीकडे बघितलं. "मामंजी इथंच बसून पितात ना."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दोनच महिन्यांपूर्वी अण्णा गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसले होते आणि पातेलं जळून काळं झालं होतं. शेजारच्या अक्कांचं नाव त्यांना दोनदा आठवलं नव्हतं. त्यानंतर आमच्या घरात एक नवीन आवाज सुरू झाला होता, अण्णांशी बोलायचा, जरा मोठा आणि जरा गोड.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मी काय केलं, तर अण्णांच्या खोलीच्या दारात जाऊन विचारलं, "अण्णा, तुम्ही त्या मशीनवर कॉफी ठेवली होती का?"

बघा, मी आरोप केला नाही. नुसतं विचारलं. माणूस स्वतःशी असंच बोलतो.

अण्णा उठून बसले. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, अजून एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणणारा. कपाळाला आठ्या घालून ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "ठेवली असेन रे. मला काही आठवत नाही."

मुलगी लगेच म्हणाली, "असू दे अज्जा, असू दे, काही झालं नाही." मोठ्याने आणि गोड.

कन्सोल तिच्या मामाने दिलेला, आठ महिन्यांचा. वॉरंटी वर्षाची. पण वॉरंटीत पाणी, चहा, कॉफी बसत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या एका कारखान्यात मी परत आलेला माल तपासतो. लोक पंप आणतात, म्हणतात, "सर, आपोआप बंद पडला." मी उघडतो. सील जळालेलं असतं, म्हणजे पाणी नसताना कोरडा चालवलेला. मी तसं लिहितो आणि पंप परत करतो. सव्वीस वर्षं मी लोकांचं खोटं असं सुटं करून टेबलावर मांडत आलोय. म्हणून मला माहीत होतं की मशीन मी उघडायचं नाही, स्क्रूवरचा कागदी शिक्का फाटला की संपलं. रविवारी सकाळी मी कान साफ करायच्या काड्या आणि स्पिरिट घेऊन बसलो आणि जाळीची एकेक फट पुसून काढली. अण्णा खुर्चीत बसून बघत होते.

"माझ्यामुळे तुझा रविवार गेला," म्हणाले.

"असू दे अण्णा." हे मी म्हटलं.

सोमवारी रजा टाकून बेळ्ळंदूरच्या बाजूच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. आमच्या बसवनगुडीहून रिक्षाला दीड तास लागला. मांडीवर खोका आणि पुढे न हलणाऱ्या गाड्या. रिक्षावाला म्हणाला, "गेम आहे का सर? तुम्ही खेळता?" मी नाही म्हणालो. काही कारण नसताना दोनदा म्हणालो.

काउंटरवर तिशीतली एक बाई होती. फॉर्मवर रकाना होता: मशीनवर द्रव सांडला आहे का? मी 'नाही' वर खूण केली आणि सही केली. सही नेहमीपेक्षा सुबक आली.

"सरी सर, ठीक आहे, आठवडा लागेल. मेसेज येईल," ती म्हणाली.

तो आठवडा माझ्याच्याने एका जागी बसवेना. कारखान्यात दर पंधरा मिनिटांनी फोन बघायचो. मेसेज नाही. घरी आलो की अण्णांकडे बघायचो, आणि तेच जास्त जड जायचं. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी हॉलमध्ये कॉफी घेणं सोडलं. स्वयंपाकघरात उभ्याने प्यायचे, पेला दोन्ही हातांत धरून. तिसऱ्या दिवशी कपाटाला चिठ्ठी दिसली, त्यांच्या गणिताच्या मास्तरी अक्षरात: 'सकाळची गोळी घेतली. ८.१०.' मग गॅसजवळ एक, नळाजवळ एक. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "मी डॉक्टरांची वेळ घेतलीय, स्मरणशक्तीची तपासणी करतात ते. मामंजी स्वतःच म्हणाले घे म्हणून."

"स्वतःच?"

"म्हणाले, पोरीची वस्तू बिघडवली आणि मला पत्ताच नाही, म्हणजे गोष्ट पुढे गेलीय."

मी जेवत होतो. जेवत राहिलो. तेव्हा तरी सांगायचं होतं. पण आता गोष्ट कॉफीपुरती राहिली नव्हती, आता चार दिवसांचं गप्प बसणं सांगावं लागणार होतं, आणि ते कॉफीपेक्षा फार जास्त होतं. मी मनात म्हटलं, मशीन एकदा येऊ दे. मशीन आलं की सगळं निवेल.

शनिवारी मेसेज आला. गेलो. त्याच बाईने खोका पुढे ठेवला. "पॉवर सप्लाय गेला होता सर. कंपनीचाच दोष. बदलून दिलाय, वॉरंटीत. काही द्यायचं नाही."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. "म्हणजे आत… आत काही नव्हतं?"

ती हसली. "बाहेरच्या खाचेत स्वल्प डाग होता. कॉफी ना? आत थेंब नाही गेला. तुम्ही फॉर्मवर नाही लिहिलंत, पण आम्हाला कळतं सर."

हे वाक्य मी कारखान्यात कितीदा म्हटलं असेल. आणि माझ्या तोंडून काय आलं? "घरी वडील आहेत. वय झालंय."

तिथे, जिथे अण्णांना कुणी ओळखत नव्हतं, जिथे मला काहीही भरावं लागणार नव्हतं, तिथेसुद्धा मी त्यांना पुढे केलं.

"अय्यो, असू दे सर," ती म्हणाली. "बोलू नका हं त्यांना."

परतताना पूर्ण रस्ताभर मी एक सोपी वाट आखत होतो. घरी जाऊन सांगायचं, कॉफीने काही झालंच नव्हतं, दोष कंपनीचा. अण्णा सुटतील, मीही सुटेन. खोटंही नाही त्यात काही.

घरी अण्णा एकटेच होते. मी ते तसंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "चांगलं झालं. पोरीचं नुकसान नाही झालं." मग थांबून म्हणाले, "पण ठेवली तर होतीच मी. आणि अजून आठवत नाही. रोज आठवून बघतो."

रोज. मी खोका हातात धरूनच उभा होतो.

"अण्णा, तुम्ही ठेवली नव्हती. मी ठेवली. तुम्ही झोपला होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. आधी मला वाटलं ऐकू गेलं नाही, आणि माझा आवाज आपोआप मोठा होऊ लागला. त्यांनी हात वर केला. "ओरडू नकोस. किती वाजता?"

"अडीचच्या सुमारास."

"मी कुठे होतो?"

"आत. पंखा चालू होता. भिंतीकडे तोंड होतं तुमचं."

"पेला कुठला?"

"माझा. स्टीलचा, काठाला पोचा आलेला."

प्रत्येक उत्तराला ते मान हलवत होते, एखाद्या पोराचं गणित पायरी पायरीने तपासावं तसे. शेवटी म्हणाले, "म्हणजे आठवायला काही नव्हतंच." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"त्या दोघी आल्या की हेच सांग. असंच, सगळं."

सांगितलं. बायको उठून आत गेली. मुलीचा चेहरा लाल झाला. "मी आठवडाभर अज्जांशी लहान बाळाशी बोलावं तशी बोलतेय, अप्पा! तुम्ही समोर बसून ऐकत होता!" खोका तिने त्या दिवशी उघडला नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी अण्णांना म्हटलं, "ती डॉक्टरांची वेळ रद्द करतो. आता गरज नाही."

"गरज आहे," अण्णा म्हणाले. "दूध मीच जाळलं होतं की नाही? आणि यापुढे माझं डोकं कसं आहे, ते मी घरात कुणाला विचारणार नाही."

"मी येतो सोबत. रजा टाकतो."

"नको," ते म्हणाले आणि मुलीकडे वळले. "तू येशील का गं? मंगळवारी, अकरा वाजता. डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐक. आणि घरी येऊन तसंच सांग."