विहीणबाईंचं अक्षर

शिंप्याच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलामागे बसून ती शर्टांना काजं करायची, म्हणून सगळे तिला काजवाली मावशी म्हणत. तिचं काज कधी उसवलं नाही, असं गिऱ्हाईकं सांगत. तशी ती कुणाच्या अध्यातमध्यात नसे. फक्त विहीणबाईंचं नाव निघालं की कपाळाला आठी पडे.

विहीणबाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं मोजूनमापून. परदेशी गेलेली लेक फोनवर 'आई असं म्हणत होत्या, आई तसं म्हणत होत्या' सांगायची, आणि या आई म्हणजे सासूबाई. मावशी 'हो का, छान' म्हणे आणि दोरा दातांनी तोडे.

लेकीला मुलगी झाली. मावशीनं मऊ कापडाची झबली शिवली. नातीच्या अंगाला पहिलं कापड आपल्या हातचं लागावं, एवढीच तिची इच्छा होती. अडलं ते पिनकोडावर. लेकीनं नुकतंच घर बदललं होतं. नव्या घराचा नंबर, रस्ता, गाव, सगळं तिनं पाठवलं, कोड तेवढा राहिला. मावशीनं दोनदा विचारला. दोन्ही वेळा बाळ रडलं आणि "पाठवते गं आई" म्हणून लेकीनं फोन ठेवला. तेवढ्यात विहीणबाईंचं पार्सल रवाना झाल्याचं जावयाकडून कळलं.

"म्हणजे सासूला कोड दिला," मावशी नवऱ्याला म्हणाली. "आईसाठी वेळ नाही."

"अगं, मग पुन्हा विचार की."

"मी नाही विचारणार. मलाही नाक आहे."

"दिसतंय ना, चांगलं फुगलंय," नवरा म्हणाला आणि पेपरात डोकं घालून बसला.

पंधरा दिवस वाट पाहूनही कोड आला नाही, तेव्हा मावशीनं पार्सलाला वरून खालून चिकटपट्टी गुंडाळली आणि टपाल कचेरी गाठली. परदेशी पार्सलांच्या खिडकीवरच्या कारकुनानं तिकडच्या टपालखात्याच्या साइटवर पत्ता घातला आणि डोकं खाजवलं.

"मावशी, या गावात या नावाचे दोन रस्ते आहेत. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्हीकडे हा घरनंबर आहे, कोड मात्र वेगळे. तिकडे मशीन आधी कोड बघतं. तो चुकला तर पार्सल भलत्याच दारात जाईल, नाहीतर परत येईल. मुलीचा रस्ता कुठला?"

मावशीला काय ठाऊक.  मग तिला आठवलं, लेक बोलता बोलता मधेच अडते. थांब आई, म्हणते, गाडी जाऊ दे. आणि मग फोनमध्ये नुसता धडधडाट होतो.

"रेल्वेचे रूळ कुठल्या रस्त्याला आहेत, बघा बरं."

कारकुनानं नकाशा मोठा केला. रूळ उत्तरेच्या रस्त्याला अगदी खेटून होते. "लिहा," तो म्हणाला, आणि मार्कर पुढे केला.

मावशीनं ठसठशीत आकडे काढले. तिला गारगार वाटलं. वळून पाहते तर मागे विहीणबाई उभ्या, काखेत पार्सल, त्यावर 'परत' असा शिक्का.

"अंदाजानं घातला होता कोड," त्या हळूच म्हणाल्या. "मुलाला सारखं काय विचारायचं? त्याचा फोन येतो ऑफिसातून, तोही घाईघाईत. तुम्हाला मिळाला असेल ना? लेकीला शेवटी आईच जवळची."

इतकं गोड वाक्य मावशीनं त्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तरी तिचा तळवा आपोआप कोडावर गेला.

"नाही हो. मीही शोधतेच आहे."

कारकुनानं चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पार्सल ओढलं. गुळगुळीत चिकटपट्टीवरची शाई वाळलीच नव्हती. पार्सलावर नुसता काळा फराटा उरला, आकडे सगळे मावशीच्या तळहाताला लागलेले. विहीणबाईंनी हात पाहिला, पार्सल पाहिलं. कॉपी करणारी पोरं पकडण्यात त्यांचा जन्म गेला होता. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रुळालगतचा रस्ता आहे," ती खाली मान घालून म्हणाली. "ती बोलत असते तेव्हा गाडी जाते ना, त्यावरून कळलं."

"मला कधी ऐकू नाही आली," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. तो उतरलेला पाहून मावशीला बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. मग विहीणबाईंनी पर्समधून कोरा कागद काढला. "द्या, दोन्हीवर मीच लिहिते." त्यांनी पत्ते लिहून चिकटवले. अक्षर खरंच सुरेख होतं. मावशी तेही सहन करून घरी आली.

पुढे एका दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, दोन्ही पार्सलं एकदमच आली. दोन्हीवर सासूबाईंचं अक्षर. म्हटलं, आईनं काहीच नाही पाठवलं. रडूच आलं मला. मग एक उघडलं आणि तुझी काजं दिसली."

 मावशीनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं.

"बाळाला पहिलं काय घातलंस?"

"आई, त्या एवढ्याशा जिवाला काय कळतंय?"

"तिला नाही गं. मला कळायला हवंय."

लेकीनं हसत फोन बाळाकडे वळवला. अंगात मावशीचं झबलं, डोक्यावर विहीणबाईंनी विणलेली टोपी. मावशीनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"टोपी जरा सैल होतेय तिला," ती म्हणाली.