बाबा पाखरू झाले नाहीत

बाबा वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचे. आम्ही महाडला भाड्याच्या खोलीत राहायचो, पण ते गेले तेव्हा त्यांना गावी, कापड्याला नेलं. दहन करून आल्यावर, घरात त्यांना ठेवलं होतं त्या जागी आत्याने तांदळाचं पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर टोपली पालथी घातली. माणूस कोणत्या जन्माला गेला त्याचं पाऊल सकाळी पिठात उमटतं, असं आमच्याकडे मानतात. तोवर मीही मानायचे.

सकाळी आत्याने टोपली उचलली. पिठात बारीक रेघा होत्या.

"पाखरू! माझा भाऊ पाखरू झाला गो!"

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. आईचं रडणं थांबलं. मी वाकून पाहिलं, तर टोपलीच्या आतल्या काठाला पीठ माखलेलं झुरळ बसलेलं.

"आत्या, झुरळ हाय ते."

"कॉलेजात हेच शिकवतात काय? बापाला झुरळ म्हणायला?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझं काहीही चुकलं तरी खापर कॉलेजवर फुटतं.  पण पुढच्या जन्मावरचा माझा विश्वास त्या टोपलीपाशीच गेला. झुरळामुळे नाही. बाबा नाहीत हे इतक्या लवकर सगळ्यांना सोसवलं, याचा मला राग आला. ते कुठे गेले नव्हते, संपले होते. आईने तरी हे माझ्याबरोबर म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आई मात्र रोज सकाळी दारात पाखरांना तांदूळ टाकू लागली.

पुढे मोबाईलवर मी क्रायोनिक्सबद्दल वाचलं. परदेशात काही माणसं मेल्यावर आपलं शरीर द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायला सांगतात. कधीतरी विज्ञान आपल्याला उठवेल, ही आशा. अजून कुणी उठलेलं नाही, हे मला माहीत आहे. तरी मला ते पटलं. निदान त्यात मरणाला गोड नाव दिलेलं नाही.

वर्षश्राद्धाला गावी गेलो, तेव्हा गुरांचे डॉक्टर आत्याची गाय भरवायला आले होते. त्यांनी बरोबर आणलेल्या कॅनचं झाकण काढलं तशी पांढरी वाफ बाहेर आली. आत वळूचं बीज, त्याच नायट्रोजनमध्ये. तो वळू कधीच मेलाय, असं डॉक्टर सहज बोलून गेले. डॉक्टर निघून गेल्यावर मी चाचरतच म्हटलं, "आत्या, माणसांनापण असंच ठेवतात. मी मेले तर मला जाळू नका. असं ठेवा."

आत्या हसत सुटली. "अगो, मागच्या खेपेला वासरू झालं ते खरं. पण वळू आला काय उठून?"

"नाय आला. तुझं पाखरू तरी आलं का परत?"

तिचं हसू गेलं. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. अजूनही घेणार नाही.

आई ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"आपण तर त्यांना जाळलं गो," ती म्हणाली.

वर्षभरात पहिल्यांदाच तिने हे म्हटलं.

"हो," मी म्हटलं.  मी तिच्याजवळ जाऊन बसले. सुपातला खडा बाजूला करत तिने विचारलं, "त्या कॅनात दोघींना जागा असते काय?"

"बघते," मी म्हटलं.