पाठीमागून न आलेला खो

गिऱ्हाइकाला दारापर्यंत जाऊ द्यायचं आणि पाऊल बाहेर पडायच्या आत हाक मारायची, हे मला कुणी शिकवलं नाही. दुसऱ्याच्या गोदामात गठ्ठे उचलता उचलता पाहिलं आणि त्यावरच परदेशात, आयसेलिनला, साड्यांचं दुकान उभं केलं. सुरतेला खरेदीला गेलो की मी हेच उलट करतो. भाव पटला नाही की उठायचं, पाठ फिरवायची, सावकाश चालायचं. दहाव्या पावलाच्या आत हाक येते. आजवर फक्त एकदाच आली नाही.

माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. त्यांच्या शाळेत मुलींचा फ्लॅग फुटबॉलचा संघ होता. हा हाताने फेकायचा फुटबॉल, पण त्यात धक्काबुक्की नसते. कमरेला लटकणारी पट्टी ओढली की डाव थांबतो. क्वार्टरबॅक म्हणजे जिच्या हातात चेंडू आधी येतो, जी ओरडून सगळ्यांना हलवते आणि मग फेकते. कोचने माझ्या मुलीला बॅकअप क्वार्टरबॅक केलं. मराठीत सांगायचं तर राखीव.

या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. जिल्ह्याच्या खो-खो संघात आम्ही बारा जण होतो. नऊ मैदानात, तीन राखीव, आणि त्या तिघांत मी. पूर्ण हंगाम चुन्याच्या रेषेबाहेर बसलो. माझ्या पाठीवर कुणी खो दिला नाही. आपली पोरगीही तिथेच बसणार, हे मला सहन होईना.

एका दुपारी प्रॅक्टिस संपल्यावर मी कोचला गाठलं. मुलगी बॅग घेऊन मागे उभी होती.

"ती त्या दुसरीपेक्षा लांब फेकते," मी म्हणालो.

"फेकते," तो म्हणाला.

"मग?"

"पहिली चिडली की चांगली खेळते. तिच्यामागे मला न चिडणारी हवी. बॅकअप निवडताना मी दोन नंबरची मुलगी शोधत नाही. जी बाहेर उभी राहून सगळी मॅच मनात खेळते, ती शोधतो. आणि हिचा आवाज कितीही गोंगाटात शेवटच्या मुलीपर्यंत पोचतो. ऐकलाय कधी?"

मला ती न खपणारा माल गळ्यात मारायची भाषा वाटली. ती मला पाठ आहे. डोकं तापलं.

"मग आम्ही निघतो," मी म्हणालो. "उद्यापासून ती येणार नाही."

मी पाठ फिरवली आणि पार्किंगकडे सावकाश चालू लागलो. मागून एवढंच ऐकू आलं, "ओके."

मला वाटलं, हा पक्का दिसतो, ताणतोय. सहा पावलं, सात, आठ. मुलीच्या बुटांचा आवाज माझ्या मागे येत होता. दहा झाली. गाडी आली. आता वळलो तर गेलो, या हिशेबाने मी दार उघडलं. काचेतून पाहिलं तर कोच वाकून चेंडू गोळा करत होता.

पुढच्या आठवड्यात मुलगी म्हणाली, मैत्रिणींची मॅच बघायची आहे. मी तिच्याबरोबर गेलो. आम्ही लाकडी पायऱ्यांवर बसलो. उत्तरार्धात पहिली क्वार्टरबॅक मनगटावर पडली आणि उठली ती हात पोटाशी धरून. कोचने मैदानावरून नजर न काढता डावीकडे मान कलवली, काहीतरी बोलला आणि थांबला. त्याच्या डाव्या कोपराशी रोज माझी मुलगी उभी असायची. तिथे नुसतं गवत होतं.

माझ्या शेजारी ती अर्धी उठली. उजवा हात डाव्या मनगटावर गेला, जिथे डावपेच लिहिलेली पट्टी असायची. मनगट मोकळं होतं. ती खाली बसली.

तिच्याऐवजी आलेल्या मुलीचा आवाज आमच्यापर्यंत सोडाच, तिच्या बाजूच्या मुलींपर्यंतही पोचत नव्हता. त्या मान वळवून वळवून तिच्याकडे बघत होत्या. आणि माझ्या शेजारी, ओठ जेमतेम हलवत, माझी मुलगी डाव सुरू करायची आरोळी पुटपुटत होती, "सेट. हट. सेट. हट." प्रत्येक डावाला, मॅच संपेपर्यंत. तेव्हापासून तो पुटपुटलेला आवाज मला कुठेही ऐकू येतो. साडीची घडी मोडताना येतो, सिग्नलला थांबलो की येतो.

आता रविवारी टीव्हीवर मोठ्यांचा फुटबॉल लागला की मी मैदान बघत नाही. कडेला कानाला हेडफोन लावून उभा असलेला राखीव क्वार्टरबॅक बघतो. मागच्या महिन्यात मुलगी नोकरीच्या गावाहून, सनीव्हेलहून आली होती, ती शेजारी बसली होती. पडद्यावर एक क्वार्टरबॅक लंगडत बाहेर आला. कडेच्या माणसाने हेडफोन काढून हेल्मेट चढवलं.

"ही इज रेडी," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "तू तेव्हा काहीच का बोलली नाहीस?"

कधीचं, हे तिला सांगावं लागलं नाही.

"मी वेट करत होते, बाबा. मला वाटलं तुझी ट्रिक आहे. तू टर्न होशील."

"ट्रिकच होती."

"आय नो. पण कोचला कुठे माहीत होतं?"

त्याने एक हाक मारायला काय हरकत होती, असं मी आजही म्हणतो. ज्याला एवढी न चिडणारी मुलगी हवी होती, त्याने तिच्या चिडक्या बापाला दहा पावलं सहन करायला हवं होतं. तेही मी तिला ऐकवलं. ती हसली आणि चहा ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. मी दारात उभा राहिलो. ती पाठमोरी, खांद्यावर बॅग घेऊन अंगणातून चालत गेली. मी पावलं मोजत होतो. दहाव्याला तोंडून हाक निघून गेली.

ती थांबली, वळली. "काय, बाबा?"

आवाज चढवला नव्हता तिने, तरी अख्ख्या गल्लीभर पोचला असेल.