साखळीची त्रिज्या

दहावीत असताना आम्ही धारहून देवासला आलो आणि माझी गणिताची ट्यूशन शेजारच्या गल्लीतल्या एका काकूंकडे लागली. काकू रिटायर्ड शिक्षिका. शाळेत जन्मभर हिंदीतून शिकवलं, पण मराठी घरातली मुलगी समोर बसली की त्या गणितही मराठीतच बोलायच्या. माझ्या पुस्तकातलं सेक्टर, म्हणजे वर्तुळाचा कापलेला तुकडा, त्यांच्याकडे पाकळी होतं. "पाकळी काढ," त्या म्हणायच्या, आणि मला फूल नाही, साखळीभर फिरणारा त्यांचा कुत्रा दिसायचा.

तो घराच्या कोपऱ्याला, पाण्याच्या पाइपाला बांधलेला असे. फाटकातून दाराकडे जायचं तर त्याच्या समोरूनच. तो भुंकत नसे, नुसता उभा राहून बघायचा. मला त्याचीच जास्त भीती. शेजारचे एकजण भिंतीवरून म्हणायचे, "कुछ नी करता बेन, निकल जाओ।" मी श्वास धरून पळायचे. काकूंना सांगायला जीभ रेटत नव्हती, आणि घरी कळलं असतं तर बोर्डाच्या तोंडावर ट्यूशन बंद झाली असती.

मग काकूंनी ते उदाहरण घातलं: शेताच्या कोपऱ्यात दोरीने बांधलेला घोडा किती जागेतलं गवत खाईल? घरी आल्यावर मी घोड्याऐवजी काकूंच्या घराचा कोपरा काढला. नव्वद अंश घराने अडवलेले, उरले दोनशे सत्तर. पाऊण वर्तुळ. दोन दिवसांनी कुत्र्याला सुई टोचायला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा रिकामी पडलेली साखळी मी आईच्या शिवणाच्या टेपने मोजली. दोन मीटर. कंसाची लांबी आणि क्षेत्रफळ, दोन्हींचा आकडा नऊ पूर्णांक बेचाळीस आला. एकच कसा, म्हणून पुन्हापुन्हा तपासला. बरोबर होता. कंपाउंडची भिंत कोपऱ्यापासून अडीच मीटरवर. म्हणजे भिंतीलगतची अर्धा मीटर वाट माझी.

दुसऱ्या दिवशी पाठ भिंतीला घासत, दप्तर बाजूला धरून त्या वाटेने निघाले. साखळी खणकन ताणली गेली आणि माझ्या कुर्त्याचं टोक त्याच्या दातांत होतं. मला ओरडताही येईना. कापड फाटल्याचा आवाज ऐकून काकू बाहेर आल्या.

"भिंतीला चिकटून कशाला येत होतीस गं?"

मी आकृती दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली आणि हसू दाबत म्हणाल्या, "अगं बाई, साखळी मोजलीस. कुत्रा कुणी मोजायचा? त्याला मान आहे, तोंड आहे."

पट्ट्यापासून नाकापर्यंत चाळीस सेंटीमीटर धरून त्यांनी मला कंस पुन्हा काढायला लावला. भिंत आणि कंसाच्या मध्ये जेमतेम चार बोटं उरली.

"आता कुठून येशील?"

"येताच येणार नाही."

"मग?"

मी कंपासचं टोक कागदात रुतवत राहिले.

"तुम्ही त्याला धरा," मी म्हटलं.

"हे इथे पुटपुटून काय उपयोग? फाटकातून ओरडायचं. मला ऐकू कमी येतं," कापड फाटलेलं आतून ऐकणाऱ्या काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाबाहेरच थांबले. शेजारचे भिंतीवरून बघत होते. कुत्रा उभा राहिला. पहिलं "काकू" माझं मलाच ऐकू आलं नाही.

"काकू, कुत्रा धरा!"

कुत्र्याने कान टवकारले. आत चपला वाजल्या. काकूंच्या मुठीत पट्टा आलेला दिसेपर्यंत मी फाटकाची कडी काढली नाही.