बादली मीच सांडली

औरादच्या बँकेत मी फरशी पुसते. त्या दिवशी आठवडी बाजार होता, शाखा नुकतीच उघडली होती. तीन माणसं आत आली, एकाच्या हातात पिस्तूल. त्यांनी मॅनेजर साहेबांकडून चाव्या घेतल्या, पिशव्या भरल्या आणि निघून गेली. कुणाला चापट मारली नाही, शिवीसुद्धा दिली नाही. पिस्तूलवाला मला म्हणाला, "अक्का, भिंतीकडं बसा. तुम्हाला काय करायलो न्हाई." इतक्या मानानं मला माझ्या घरातही कुणी बसवत नाही.

ते तिघं हुमनाबादजवळच्या ढाब्यावर जेवताना सापडले. खटला बिदरच्या कोर्टात चालला. त्यांच्या वकिलाचं म्हणणं असं, की पैसे नेले ते कबूल, पण ही साधी चोरी आहे, जबरी चोरी नव्हे. कुणाला हात लावला नाही, मग जबरदस्ती कुठली? साध्या चोरीला शिक्षा कमी, जबरीला पुष्कळ वर्षं. आमच्या बाजूच्या सरकारी वकील बाईंनी मला समजावून सांगितलं, की रक्त आलंच पाहिजे असं कायद्यात नाही. जिवाची भीती घालून नेलं तरी ती जबरीच. फक्त भीती वाटली, हे तिथं असलेल्या माणसानं सांगितलं तर बरं.

तिथंच घोडं अडलं. भीती वाटली म्हणायला कुणी तयार नव्हतं. मॅनेजर साहेबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, की आपण अगदी शांत होतो, चोरांशी पाहुण्यांसारखं बोललो. वॉचमन म्हणायचा, पिस्तूल खेळण्यातलं आहे हे त्याला दारातच कळलं होतं. पिस्तूल खेळण्यातलंच निघालं, पण ही गोष्ट त्याला नंतर पोलिसांकडून कळली; ते तो सांगत नसे. साक्षीतही दोघं हेच बोलले. चोरांच्या वकिलानं दोघांचे आभार मानले.

उरले मी. लहानपणापासून भित्री. शाळेत गुरुजींनी फळ्यापुढं उभं केलं की माझा आवाज जायचा. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा फळ्यापुढं उभं राहणं सुटलं, याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला होता. भीतीबद्दल सांगायला माझ्याहून लायक माणूस तालुक्यात नसेल, पण तेच चारचौघांत सांगायचीही मला भीती.

पिंजऱ्यात उभं राहून वकील बाईंना "व्हय, भ्याले" एवढं म्हणाले. मग दुसरा वकील उठला. त्यानं बँकेच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. चोर बाहेर पडतात, मी उठते आणि पुसायच्या पाण्याची बादली दोन्ही हातांनी आडवी करते. बँकेत आजवर सगळे हसायचे, की अक्कानं भिऊन बादली लाथाडली. मीही हसून घ्यायची.

"चोर जाताच तुम्ही कामाला लागलात ना?" वकील म्हणाला. "घाबरलेली बाई इतक्या शांतपणानं फरशीवर पाणी ओतेल का?"

नुसतं "व्हय, कामाला लागले" म्हटलं असतं तर सुटले असते. माझ्याबरोबर ते तिघंही जवळजवळ सुटले असते. वकील बाई माझ्याकडं बघत होत्या. पिस्तूलवालाही बघत होता, अजून तसाच मानानं.

मी म्हणाले, "साहेब, बादली मीच सांडली. माझी साडी भिजली होती. बसल्या जागीच झालं होतं. फरशी सगळी ओली दिसावी म्हणून सांडली."

बिदर कर्नाटकात, न्यायाधीशांना मराठी येत नव्हतं. म्हणून तिथल्या कारकुनानं माझं उत्तर कन्नडमधून मोठ्यानं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मला कन्नड चांगलं कळतं. एकदाच सोसायची लाज दोनदा सोसली. वकील खाली बसला.

निकाल लागला, जबरी चोरीच ठरली. वकील बाई म्हणाल्या, निकालपत्रात बादलीचा उल्लेख आहे. मॅनेजर साहेबांच्या शांतपणाबद्दल त्यात काय लिहिलंय, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फरशी पुसत होते, तेव्हा वॉचमन जवळ आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "अक्का, खरं सांगू? मीबी लई भ्यालतो."

"मग कोर्टात कामून न्हाई सांगितलं?"

त्यानं माझ्या बादलीकडं बोट केलं.

"माझ्यापाशी बादली न्हवती," म्हणाला.