चहा सोडलेला सरदार

माझे सासरे दर चातुर्मासात काहीतरी सोडतात. पण ते सगळं आपल्या सोयीनं. एका वर्षी वांगं, एका वर्षी फणस, म्हणजे एरवीही ज्याच्याकडे ते ढुंकून बघत नाहीत. यंदा आषाढीला पुण्यात सासूबाईंनी भर पाहुण्यांत त्यांना टोकलं. सोडायचंच तर चहा सोडा म्हणाल्या, कार्तिकीपर्यंत निभावलंत तर मी सगळ्यांसमोर म्हणेन, हरले! बाबा दिवसाला सहा कप पिणारा माणूस. पण पाहुणे हसले आणि बाबांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला.

त्यानंतर ते आमच्याकडे अबूधाबीला आले. एकटेच. सासूबाई कधी येतच नाहीत, वाळूत काय बघायचंय म्हणतात. आम्ही राहतो मोहम्मद बिन झायद सिटीत, एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर. बाबा आल्यापासून मी माझा चहा वॉशिंग मशीनशेजारी उभी राहून, दार लोटून, चोरासारखी प्यायचे. बाहेरून बाबा म्हणायचे, आज आलं जरा जास्त झालंय गं. बाईमाणसानं जगायचं कसं, सांगा!

त्याच सुमारास लेकीला शाळेत मध्ययुगातल्या नाइटांच्या कविता लागल्या. नववीतली मुलगी, वैतागून गेली होती. बाबा म्हणाले, नाइट म्हणजे आपला सरदारच की, सांग मला. ती इंग्रजीत सांगायची, बाबा मराठीत प्रश्न विचारायचे आणि दोघांचं झकास चालायचं. भरल्या दरबारात सरदार शब्द देतो, शोधाला निघतो, रानावनात लढतो. लेकीला वाटायचं की लढाई हीच परीक्षा. बाबांना ते पटेना. लढाईत काय, समोर शत्रू असतो. खरी पंचाईत पुढे असते, जेव्हा दमलेला सरदार कुणाच्या तरी किल्ल्यात उतरतो आणि यजमान प्रेमानं काहीतरी पुढे करतो. नाही म्हणावं तर त्याचा अपमान, हो म्हणावं तर आपला शब्द गेला. ‘अगं, हा तर पंक्तीतला आग्रह!’ बाबा खूश होऊन म्हणाले. लेकीनं तेसुद्धा इंग्रजीत करून वहीत उतरवलं.

आणि आठवड्याभरात आमच्यावरच ती वेळ आली. आमचे घरमालक समोरच्या बंगल्यात राहतात. वयानं बाबांच्याच बरोबरीचे अरब गृहस्थ, तरुणपणी मुंबईला व्यापाराला यायचे, त्यामुळे हिंदी बोलतात. संध्याकाळच्या फेरफटक्यात त्यांची बाबांशी ओळख झाली आणि त्यांनी आम्हाला मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, बोलावलं. मला वाटलं गहवा असेल, खजूर असतील, त्या अरबी कॉफीला तर बाबांची हरकत नव्हती. पण मालकांनी मुंबईकडच्या पाहुण्यासाठी खास चहा मांडला होता. नोकराला हात लावू दिला नाही, स्वतः उकळला. केशर, वेलची, दाट दूध. काय तो वास! बाबांनी डोळेच मिटून घेतले.

कप पुढे आला आणि माझी जीभ वळवळली. मी ठोकून दिलं, ‘इनको डॉक्टर ने मना किया है.’ झालं! मालक हवालदिल. कुठला डॉक्टर, काय दुखतंय, आपल्या ओळखीचा फार मोठा डॉक्टर आहे, यल्ला, चला, आत्ताच जाऊ. त्यांनी मुलाला गाडी काढायला सांगायला फोनसुद्धा उचलला. लेक माझ्या कानात पुटपुटली, ‘आई, दॅट्स चीटिंग.’ मी तिला चिमटा काढला. घराचा वर्षाचा करार ह्या माणसाच्या हातात, आणि कार्टी मला नीतिमत्ता शिकवतेय.

बाबा मात्र सरळ बसले. हात जोडून म्हणाले, ‘डॉक्टर ने नहीं. मैंने ज़बान दी है. चार महीने चाय नहीं.’

मालकांनी फोन खाली ठेवला. कुणाला दिली ज़बान, असं विचारलं. बाबा म्हणाले, भगवान को, और बीवी को. मालक हळूच म्हणाले, ‘इस मजलिस में सब लोग मुझे हाँ बोलता है. सबको कुछ काम होता है. तुम सच बोला.’ त्यांनी स्वतः उठून चुलीवरचं चहाचं पातेलं उतरवलं, नवे कप मांडले आणि आमच्या सगळ्यांच्या कपात नुसतं गरम पाणी ओतलं, माझ्यासुद्धा. माझा कसलाही नेम नव्हता, पण मला विचारतंय कोण! निघताना त्यांनी बाबांचा हात धरला. म्हणाले, नेम सुटेल तेव्हा पहिला चहा इथेच. बाबा ‘ज़बान’ म्हणून मोकळे झाले.

घरी आल्यावर मी कपाळाला हात लावला. बाबांचं परतीचं तिकीट दिवाळीआधीचं, आणि कार्तिकी त्यानंतर. दुसरा शब्दही दिला होता, तेव्हा नेम सुटेपर्यंत बाबा काही हलणार नव्हते. नवरा म्हणाला, आईला तूच सांग. मी भीत भीत पुण्याला फोन केला, मजलिसची सगळी हकिकत सांगितली. मग सासूबाईंनी एवढंच विचारलं, की व्हिसाला किती दिवस लागतात.

त्या आल्या! चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन विमानात बसून आल्या. आमची दिवाळी काय दणक्यात झाली म्हणून सांगू. कार्तिकी द्वादशीला सकाळी आम्ही सगळे मजलिसमध्ये गेलो. मालकांनी पुन्हा स्वतः चहा उकळला. बाबांनी कप दोन्ही हातांनी घेतला, आणि न पिता सासूबाईंपुढे धरला.

सासूबाईंनी तो हळूच त्यांच्याकडे सरकवला. मालक बघताहेत, त्यांची मुलं बघताहेत, आणि ह्या बाईनं, जिनं उभ्या जन्मात नवऱ्यापुढे हार कबूल केली नाही, स्पष्ट आवाजात सांगितलं, ‘हरले.’

बाबा गांगरले. म्हणाले, अगं, राहू दे, चेष्टेतलं होतं ते.

‘राहू दे काय? तेवढं म्हणायलाच तर आले इतक्या लांब,’ सासूबाई म्हणाल्या. ‘प्या आता, निवतोय.’