हंड्याचा लेप

माझं काम वाळूच्या खडकाचं, आणि गाव मुखेडजवळ, जिथं कुठंही कुदळ मारा, काळा कातळच लागतो. वालुकाश्म मी पहिल्यांदा हातात घेतला तो नोकरीला लागल्यावर, परराज्यातल्या प्रयोगशाळेत. भाऊ अजून चिडवतो, "गावात दगडाला काय तोटा होता, म्हणून एवढ्या लांब गेलीस?"

जमिनीत खोल गाडल्या गेलेल्या खडकाचा कागदापेक्षा पातळ काप काचेवर चिकटवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि कणांच्या मधे तेलाला राहायला जागा उरली आहे का ते सांगायचं. कण क्वार्ट्झचे, म्हणजे आपल्या गारगोटीचे असले तर दाब सोसतात. मऊ दगडाचे असले तर चेपून एकमेकांत घुसतात. फेल्डस्पार नावाच्या दुसऱ्या खनिजाचे असले तर कुजतात, त्यांची माती होते आणि ती वाटा बुजवते. पण गारगोटीचाही भरवसा नाही. खोलातल्या ऊन पाण्यातून तिच्यावर तिचाच नवा थर चढत जातो आणि मधली जागा भरून टाकतो. खोल जाण्याआधीच ज्या कणांवर चिकणमातीचा पातळ लेप बसला असेल, त्यांच्यावर मात्र हा थर धरत नाही. तिथली जागा टिकते.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला माय आठवली. चुलीवर हंडा चढवायच्या आधी ती त्याला बाहेरून राख आणि मातीचा लेप द्यायची. काजळी लेपावर बसायची आणि धुताना त्याच्यासकट निघून जायची. परक्या गावात, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, मला सरळ रडू आलं.

यंदा दिवाळीला गेले. भावानं जुन्याच जागी नवीन घर बांधलंय. गॅस आहे, गिझर आहे, पाहुण्यांची खोली आहे आणि माझी पिशवी त्याच खोलीत ठेवली होती. भावजय गुणाची, भांडावं म्हटलं तरी जागा देत नाही. चहा काचेच्या कपाटातल्या कपात. जरा उठले की, "तुम्ही बसा हो ताई." दोन दिवस मी बसूनच होते. लहानपणी ज्या घरात मला कुणी बसू दिलं नाही, त्या घरात आता माझ्यासाठी काही उरलंय का, एवढंच मी शोधत होते. विचारणार कुणाला?

निघायच्या दिवशी पहाटे लाईट गेली, गिझर बंद. मायनं मागच्या अंगणात तीन दगड मांडले, राख-माती कालवली आणि हंडा माझ्यापुढं ढकलला. भावजय धावत आली, "अहो, ताईंना कशाला?"

"तिला काय झालं? हात हायत की," माय म्हणाली.

मी बुडाला लेप दिला. तिनं हंडा फिरवून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"हे बघ, मधी जागा सोडलीस. तितंच काजळी धरंल. एवढी शिकली, पण हंडा सारवता येईना."

लेपात फट राहिली की नवा स्फटिक नेमका तिथूनच उगवतो, हे मी किती कापांत पाहिलं होतं. पण कितीतरी दिवसांनी मला कुणी रागावत होतं, ते मधेच तोडायचं नव्हतं.

"हाव माय," म्हणाले.

"घासायचा बी तूच."

सुटलेल्या जागी काजळी बसलीच. मी आंघोळ करून, साडी खोचून हंडा घासला, आणि एसटी गाठायला धावले. नांदेडला गाडीत बसल्यावर पाहिलं, तर नखं काळी. स्टेशनात नळ होता. मी उठले नाही.

प्रयोगशाळेत काचेला हात लावण्याआधी हात धुवावेच लागतात, तसा नियमच आहे. सोमवारी काप पुढ्यात ठेवलेले होते, वरिष्ठ दोनदा येऊन गेले. मला मायजवळ जायचं होतं. नखं तशीच ठेवून मी आणखी थोडा वेळ बसून राहिले.